गोड्या पाण्याची पंगत

पूर्वी शूर्पारक नगरात सुयाम राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व जवळच्याच एका नदीकाठी धीवरांच्या कुळात जन्मले. म्हातारपणी ते रोज सकाळी पाण्यात पाय सोडून बसत आणि आज मासा कुठे असेल ते सर्वांना सांगत.

माघ सरत आला होता, तरी उत्तरेचा वारा थांबत नव्हता. पाणी इतके गार, की मासे डोहाच्या तळाशी जाऊन बसले आणि जाळी रिकामी येऊ लागली. त्यातच धीवरांचा मुख्य गोमिक याची लेक केतकी हिचे लग्न आले. नवरा खाडीकाठचा. खाऱ्या पाण्याच्या व्याह्यांना पहिल्या पंगतीला गोड्या पाण्याचा मासा वाढायचा, अशी तिथली रीत. तो नसला तर वऱ्हाड न जेवता उठे, आणि मुलीला जन्मभर टोमणे ऐकावे लागत.

गोमिक बोधिसत्त्वांकडे आला. "आबा, वऱ्हाड उद्या येणार. गेळाची विषारी फळे कुटून डोहात टाकतो, म्हणजे मासे गुंगून वर येतील. कुठे टाकायची तेवढे दाखवा. तुम्हाला नवी होडी देतो."

बोधिसत्त्वांची होडी फुटकी होती. तरी ते म्हणाले, "बाबा, ओहोटीला हे पाणी कुठे जाते?"

"खाडीत."

"आणि खाडीत कालवे कोण वेचते?"

"केतकीचे सासर," गोमिक म्हणाला.

"एक पंगत जेवेल रे. पण तुझी केतकी ज्या घरी जाणार, त्या घरची चूल विझेल. वारा उद्या पडेल असे मला वाटते. ऊन लागले की मासे उथळावर येतील."

"नक्की?"

"नक्की नाही. तुला खोटे कसे सांगू?"

 गोमिकाने उठून फळांची टोपली खड्ड्यात पुरली.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आले तेव्हा चुलीवर नुसता भात होता. नवऱ्याच्या आईचे नाव भद्दा; तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "व्याहीबुवा, तुमचे मासे आमच्या मागून पायी येताहेत काय?" सगळे हसले. केतकीने मान खाली घातली. गोमिकाने हात जोडले आणि गेळाची गोष्ट घडली तशी सांगितली.

भद्देचे हसू थांबले. "आमची कालवे जगावीत म्हणून पाने रिकामी ठेवलीत?"

तेवढ्यात नदीवरून बोधिसत्त्वांची हाक आली, "वारा पडला! उथळावर या!"

उथळ पाण्यात उन्हाने तापलेल्या गोट्यांवर मासे चांदीसारखे चमकत लोळत होते. भद्देने कासोटा खोचला आणि कुणाच्या तरी हातातले जाळे ओढून घेतले. "बघा आता खाडीची बाई जाळे कसे फेकते ते!" तिच्या मागे सगळे वऱ्हाड नव्या वस्त्रांसह पाण्यात उतरले. नवरा घसरून पडला, आणि केतकी पहिल्यांदा मोठ्याने हसली. बोधिसत्त्व काठावरून सांगत होते, "पोटुशी मासळी सोडा रे!" आणि सगळे सोडत होते. उन्हे उतरताना ओल्या कपड्यांनीच पंगत बसली. भद्देने पहिला घास सुनेला भरवला.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा गोमिक म्हणजे आज विहाराची विहीर उपसणारा उपासक धनिय. भद्दा म्हणजे आपल्याला भिक्षा घालताना रोज रागावणारी आणि रोज जास्त वाढणारी उपासिका सोमा. पाण्यात पाय सोडून बसलेला तो म्हातारा मीच होतो. आपले पान रिकामे असताना दुसऱ्याच्या चुलीची काळजी वाटणे, हीच करुणा."