नदीवरची झडती

"...मग तोंडात सापडलं?" पैकूबाबांनी विचारलं.

"नाही जी बाबा."

"केसात?"

"नाही."

"पदरात?"

"नाही. ओटी बी झाडून दाखवली तिनं. काही नव्हतं."

"मग ती चोर कशावरून?"

दुधरामने नाक फुगवलं. "माह्या काठवटीत सोनं होतं बाबा. या डोळ्यांनी पाहिलं. काठवट तिच्या हाती दिली, अन् सोनं नाही! मग नेलं कोणी, भुतानं?"

बाबांनी दिव्याची वात जरा वर सारली.

पैकूबाबा म्हणजे वैनगंगेच्या काठावरच्या मारुतीच्या मठातले बैरागी. दुधराम त्यांचा चेला. मारुतीला तेल-शेंदूर चढवायची सेवा त्याच्याकडे होती, आणि त्या सेवेचा त्याला असा काही गर्व की विचारू नका! गावातलं कुणी मूर्तीला हात लावायला पुढे झालं, की हा आधी त्याचे हात न्याहाळायचा.

यंदा त्याच्या डोक्यात आलं, मारुतीच्या कपाळाला सोन्याचा टिळा हवा. तोही सराफाकडचा नको. नदीतला हवा, आणि स्वतःच्या हाताने काढलेला हवा. गडी जन्मात कधी रेती धुवायला बसलेला नाही. पण हौस!

पूर ओसरला की सोनझरी लोक नदीत उतरतात आणि रेती धुऊन तिच्यातले सोन्याचे कण काढतात. दुधराम सरळ त्यांच्यात जाऊन बसला. मठाचा माणूस आपल्यात आला म्हणून त्यांच्या मुखियाला, गणाजीला, कोण आनंद झाला. त्याने त्यांच्यातल्या जाणत्या बिरजाबाईला सांगितलं, "महाराजांना शिकव."

तिने शिकवलं. वळणावर पाण्याचा जोर मोडतो तिथली रेती घ्यायची, मोठ्या दगडामागची घ्यायची, झाडाच्या मुळांत अडकलेली घ्यायची. लाकडी काठवटीत ती पाण्यासकट हलकेच फिरवायची. हलकी रेती पाण्याबरोबर निघून जाते, जड काळी रेती तळाशी राहते. त्या काळ्या रेतीच्या शेपटाला, असलंच तर, सोनं.

"घाई नका करू जी महाराज," ती सारखी म्हणत होती.

दुपारपर्यंत काही नाही. मग दिसले! रव्याहून बारीक, चार-पाच पिवळे कण. दुधराम हरखून गेला. त्याने बोटाने ते कण एका कडेला ओढले, स्वच्छ दिसावेत म्हणून वरून आणखी एकदा पाणी फिरवलं, काठवट बिरजाबाईच्या हातात कोंबली आणि ओरडत सुटला, "गणाजी! या, या, पाहा!"

सगळे धावत आले. काठवटीत नुसती काळी रेती होती.

आणि दुधराम भर नदीत म्हणाला, "चोर!"

बिरजाबाई आधी हसली. तिला बिचारीला थट्टाच वाटली. मग सगळे तिच्याकडे बघायला लागले, तसं तिचं हसू गेलं. तिने आपल्याच हाताने अंबाडा सोडला, केस झटकले. पदर झटकला. तोंड उघडून, जीभ वर करून दाखवली. तिची नवी सून शेजारीच उभी होती, पहिल्यांदाच सासूबरोबर नदीवर आलेली. ती पोर दुसरीकडे बघत राहिली.

गणाजी म्हणाला, "मठाचा माणूस खोटं काहून बोलंल? बिरजा, जिच्यावर आळ आला ती आमच्यात बसत नाही. तुले माहीत आहे."

नदी सुटली म्हणजे त्या घरची चूल थंड. दुधरामला हे काय ठाऊक नव्हतं? तरी मठात आला तो छाती काढूनच. आणि आता बाबा असे एकेक विचारत बसले होते.

"सकाळी मारुतीले तेल कोणी चढवलं?"

"मीच जी. रोज मीच चढवतो."

"अन् मग?"

"मग तसाच नदीवर गेलो."

"तसाच..."

"हो जी. उशीर काहून करू?"

"बिरजाबाईनं बसायच्या आधी तुले काही सांगितलं होतं?"

दुधराम आठवू लागला. "सांगत होती काहीतरी... हं. राख लावून हात धुवा म्हणे."

"धुतले?"

"मी म्हणलो, बाई, हे मारुतीच्या सेवेचे हात आहेत. यांले राख लावू?"

"मग?"

"मग काय! तिनं हात जोडले."

बाबांनी पाण्याने भरलेली परात पुढे ओढली. दुधरामच्या धोतराला नदीची बारीक रेती चिकटून वाळली होती. ती त्यांनी चिमटीत काढून त्याच्या हातावर ठेवली.

"बोटांत चोळ."

दुधरामने चोळली. संध्याकाळच्या दिव्यात त्याने नुकतंच तेल घातलं होतं, बोटं तुळतुळीत होती.

"आता पाण्यावर सोड. हळूच."

रेती बुडाली नाही. वरच्या वर पसरली. बाबांनी परात जराशी कलती केली. पाणी कडेवरून सांडलं आणि रेती त्याच्याबरोबर निघून गेली.

"बारीक सोनं बी असंच जाते," बाबा म्हणाले.

दुधराम परातीकडे बघत राहिला. मग आपल्या बोटांकडे...

"मीच घालवलं जी?"

"हं."

"तिनं सांगितलं होतं..."

"हं."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिरजाबाईने तोंड उघडून वर केलेली जीभ त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. दुपारी ती बघताना आपण वाकून बघितलं होतं, दातांच्या मागे काही चमकतं का म्हणून. ते आठवून त्याला स्वतःची किळस आली.

"बाबा, मी तिले लुगडं-चोळी देतो. मठात बोलावून तिचा मान करतो. पाया पडतो तिच्या."

"मठात?"

"हो जी."

"चोर कुठं म्हणला होतास?"

"...नदीवर."

बाबांनी परातीतलं पाणी अंगणात ओतून दिलं. रागावले असते तर दुधरामला बरं वाटलं असतं.

मग ते म्हणाले, "सकाळी जाऊ."

सकाळी दोघे नदीवर गेले. लोक रेती धुवायला बसले होते. सुनेला बसू दिलं होतं, सासूला नाही. बिरजाबाई वर काठावर, नुसती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बाबांनी तिला हाक मारून खाली बोलावलं. ती आली, पण लांबच उभी राहिली.

बाबा आलेले पाहून सगळे हातातलं टाकून जमले. कुणी पाया पडलं, कुणी बसायला घोंगडी आणली. "या जी महाराज, या," असं दुधरामलाही चारी बाजूंनी झालं.

"बोल," बाबा म्हणाले.

येताना वाटेत दुधरामने सगळं मनाशी घोकलं होतं. माझ्या हाताला तेल होतं. सोनं मीच घालवलं. बिरजाबाई चोर नाही. एवढंच तर म्हणायचं होतं! पण समोर गणाजी हात जोडून उभा, बायका पदर सावरून उभ्या, सगळ्यांच्या तोंडी महाराज, महाराज... तो खाकरला.

"ते काल... जरा गैरसमज झाला. सोनं गेलं असंल कुठंतरी. जाऊ द्या. बिरजाबाई, माह्या मनात आता काही नाही. मी तुले माफ केलं."

शी! असं बोलावं माणसानं?

बिरजाबाईने मान वर केली.

"कशाबद्दल जी महाराज?"

तिने रागाने नाही विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं, म्हणून विचारलं. दुधरामची मान जी खाली गेली ती वर येईना. खरं अजूनही ओठांवर होतं आणि अजूनही बाहेर पडत नव्हतं. लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणूनच बोलवत नव्हतं, आणि बोलवत नाही म्हणून आणखी लाज.

बाबांनी घोंगडी बाजूला सारली. ते बिरजाबाईच्या समोर ओल्या रेतीत जाऊन बसले.

त्यांनी डोक्याचा फडका काढला. जटा सोडायला सुरुवात केली. त्या जटा सुटलेल्या गावात कुणी पाहिलेल्या नव्हत्या. चेल्यांनासुद्धा त्यांना हात लावायची छाती नव्हती.

"अरे बाप्पा! हे काय करता जी बाबा?" गणाजी पुढे झाला.

बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. जटा पुढे ओढून मान वाकवली.

"पाह माय."

बिरजाबाई दोन पावलं मागे सरली. "नाही जी! मले पाप लागंल."

"काल तुझे केस कोणी सोडले?"

"...मीच सोडले."

"माहे बी मीच सोडले. पाह."

तिला काय करावं समजेना. शेवटी ती खाली बसली. तिने एक जट उचलली, खाली ठेवली. दुसरी उचलली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं होतं.

मग बाबांनी तोंड उघडलं. जीभ वर केली.

ते म्हातारं, बिनदातांचं तोंड, असं सगळ्यांसमोर उघडं... दुधरामला ते बघवेना.

"माह्या हाताले तेल होतं!" तो किंचाळलाच. "राख लाव म्हणून तिनं सांगितलं होतं मले! मी ऐकलं नाही. सोनं मीच घालवलं! ती चोर नाही, गणाजी... मी खोटा आहे!"

बिरजाबाईचे हात तिथेच थांबले. सून पहिल्यांदा सासूकडे वळली आणि तिच्या खांद्याला धरून उभी राहिली. गणाजीने मान खाली घातली. जरा वेळाने त्याने आपल्या शेजारची काठवट सरकवून जागा मोकळी केली. बिरजाबाई काही लगेच तिथे जाऊन बसली नाही.

आणि बाबा उठेनात. जटा रेतीत पसरलेल्या, तोंड तसंच उघडं.

दुधराम त्यांच्यापुढे गुडघ्यांवर पडला. हुंदके देत त्यांचा दंड धरून ओढू लागला.

"आता उठा जी बाबा... सांगितलं ना मी सगळं... उठा जी. लोक पाहून राहिले."

बाबांनी तोंड मिटलं.

"काल बी पाहून राहिले होते, दुधराम."