राजकन्येला बाद व्हायचं होतं

विषय : लोडगडच्या राजकन्येला खेळात खरा गडी म्हणून घेण्याबाबत.
संदर्भ : कालची अर्धी राहिलेली गोष्ट. अर्धी राहण्याचे कारण : श्रोते झोपले.

सबब ती पहिल्यापासून सांगते. मध्ये कुणी पाणी मागू नये.

तर एकदा काय झालं, लोडगडावर एक राजा होता. मनाने फार मऊ. त्याची राणी देवाघरी गेली तेव्हा लेक सगुणा चार वर्षांची होती. ती रडायला लागली. राजाला लढाई करता येत होती, समजूत घालता येत नव्हती. मग त्याने तिला बेसनाचा एक लाडू दिला. ती गप्प झाली. राजाने लगेच हुकूम काढला : राजकन्या रडली की एक लाडू, हसली की दोन. शिवाय पाय दुखू नयेत म्हणून पालखी आणि चार भोई. हुकूम काढायला एक सकाळ पुरली. तो रद्द करायचं मात्र कुणाला सुचलं नाही. हुकुमांचं असंच असतं, बरं का.

मग सहा वर्षं गेली. सगुणा दहा वर्षांची झाली आणि चांगली गोलमटोल झाली. गोल असणं हा काही गुन्हा नव्हे. पण चार पायऱ्या चढली की तिला धाप लागे. गुडघे ठणकत. राजाला काळजी वाटली. मग वैद्यबुवा आले. त्यांनी कडू काढा दिला. काढा पिऊन ती रडली, म्हणून लाडू मिळाला. मग जोशीबुवा आले. त्यांनी शनीला दोष दिला. शनी लांब राहतो, त्याने काही खुलासा केला नाही. मग मुदपाकखान्याला कुलूप लागलं. ते राजानेच संध्याकाळी उघडलं, कारण लेकीचा चेहरा त्याला बघवेना.

पण सगुणेचं खरं दुखणं निराळंच होतं. रोज तिची पालखी मैदानात उतरे. तिथे मुलं लंगडी खेळत. त्यांची म्होरकी होती माळ्याची लेक, बकुळी. ती म्हणे, "ताईसाहेब, तुम्ही लिंबूटिंबू हं!" लिंबूटिंबू म्हणजे काय, तुम्हाला ठाऊकच आहे. ज्याला खेळायला घेतात, पण मोजत नाहीत. ज्याला शिवलं तरी जो बाद होत नाही.

एक दिवस सगुणा मुद्दाम बकुळीच्या वाटेतच उभी राहिली. बकुळी लंगडी घालत आली आणि तिला वळसा घालून गेली.

"मला शिव ना गं!" सगुणा म्हणाली.

"तुम्हाला शिवून काय उपयोग, ताईसाहेब? तुम्ही कुठे खेळताय?"

बकुळी काही वाईट नव्हती. खरं बोलली, एवढंच. सगुणेच्या डोळ्यांत पाणी आलं. हुकुमाप्रमाणे लाडूवाला लाडू घेऊन हजर झाला. पण तिने तो घेतला नाही. ती वळली आणि तोंड लपवायला जवळच्या जुन्या तालमीत शिरली. तालमीत आता पैलवान नव्हते. जादा लोड आणि तक्के ठेवले होते. मधोमध एक मलखांब उभा होता, म्हणजे कसरत करायचा उंच, गुळगुळीत लाकडी खांब.

मग काय झालं? तो खांब बोलला.

"रडून झालं की मला एक मिठी मार. फार वर्षांत कुणी मारली नाही."

सगुणा दचकली. पण मिठीच तर मागतोय, म्हणून तिने मारली.

"आता पाय उचल. तुझे पाय जमिनीवर नसतील तेवढा वेळ मी गोष्ट सांगेन."

तिने पाय उचलले. खांब म्हणाला, "एक..." आणि सगुणा धपकन खाली आली. खांब गप्प.

"एक काय?" तिने विचारलं.

"पाय टेकले. बंद."

आता सांगा, कुणाला झोप लागेल? दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. "एक होती..." धप्प! आठ दिवसांनी कळलं की एक होती खार. महिन्याने कळलं की खारीला समुद्र बघायचा होता. हात सोलवटले, मांड्या दुखल्या, दोनदा ती रुसली. "नको मला तुझी खार!" खांब म्हणाला, "बरं." मग तीच परत आली, कारण खार नदीच्या मधोमध अडकली होती.

भोई उशीर करत, म्हणून ती चालत जाऊ लागली. मग पळत. भोई रिकामी पालखी घेऊन मागून पळत, कारण हुकूम तसा होता. तिला आता कडकडून भूक लागे. ती भाकरी आणि चाकवताची भाजी मागून घेई. लाडू मात्र सणाला खाई, एकच, आणि सावकाश.

गोष्ट पाच महिने चालली. एक दिवस खार समुद्रावर पोचली. खांब म्हणाला, "संपली. उतर आता."

सगुणा तेव्हा अगदी टोकाला होती. तिला तालमीच्या झरोक्यातून गाव दिसत होतं, गार वारा लागत होता. दंड तापले होते, छाती धडधडत होती आणि ते तिला फार फार आवडलं होतं.

"थांब ना जरा," ती म्हणाली. गोष्ट संपली होती, तरी ती वरच राहिली.

मग ती मैदानात गेली. "बकुळे, मला खरा गडी घे."

बकुळीने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मैदानाला तीन फेऱ्या. न थांबता."

पहिल्या फेरीला भोई हसले. दुसऱ्या फेरीला भोई गप्प झाले. तिसऱ्या फेरीला एक भोई रडला. मग खेळ सुरू झाला. सगुणा अजून गोलसर होती, बरं का, पण अशी पळाली, अशी हुलकावणी दिली, की बकुळी चार वेळा हुकली. पाचव्या वेळी पाठीत सणसणीत थाप बसली.

"सगुणे, बाद!"

राजकन्येला धपाटा, आणि वर नुसतं 'सगुणे'! पण सगुणा नाचायला लागली. "मी बाद! ऐकलंत का, मी बाद झाले!" ती हसत होती आणि रडतही होती. लाडूवाल्याला किती लाडू द्यायचे ते कळेना. हुकुमात तशी सोय नव्हती. राजा गच्चीवरून धावत आला. त्याने हुकूम फाडला आणि लेकीला पोटाशी धरलं. समजूत अशी घालतात, हे त्याला तेव्हा कळलं.

मग सगळे सुखाने राहिले. सगुणा रोज खेळते, रोज मलखांबावर चढते, रोज एकदा तरी बाद होते. चला, दिवा मालवा, पाय पोटाशी घ्या, डोळे मिटा.

मलाही खेळायला घ्यावे, असा एक अर्ज राजाने बकुळीकडे दिला आहे. धावताना त्याला धाप लागली, म्हणून मुलांचा निर्णय झालेला नाही. अर्ज अद्याप विचाराधीन आहे.