हीच ती धामण

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतक्या जुन्या, की तेव्हा डोंगरांनाही कुणी नावं ठेवली नव्हती आणि साप थोडंफार बोलत असत. सगळ्यांशी नाही हं. ज्या घरात सात उन्हाळे काढले, त्या घरच्या माणसाशीच बोलायचं, असा सापांचा रिवाज होता.

एका राज्यात उंदीर फार माजले होते. किती, ते सांगितलं तर तुमचा विश्वास बसायचा नाही. एवढंच सांगतो, की तिथल्या मांजरींनी हात टेकले होते. म्हणून लोक आपापल्या कोठारात धामण पाळत. धामणीला विष नसतं, आणि आपण खिशात हात घालावा तशी ती उंदराच्या बिळात शिरते. ज्याच्या कोठारात धामण, त्याचं धान्य त्याचं. बाकीच्यांचं उंदरांचं.

त्या राज्यातल्या बाजारगावात एक भिंत होती. तिला देवघेवीची भिंत म्हणत. कुणाला काही द्यायचं झालं, की त्यानं त्या वस्तूचं चित्र कापडावर काढून घ्यायचं आणि भिंतीला टांगायचं. म्हैस असो, पाळणा असो, नाहीतर धामण असो. भिंत भलतीच लांब. एका टोकाला गाभण म्हशीचं चित्र बघून माणूस चालायला लागला, तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ती म्हैस व्यालेली असे. महिन्यातून एकदा हरकारे ही चित्रं काठीला बांधून लांबलांबच्या गावांत फिरवत. तिथले लोक चित्र बघून वस्तू पसंत करत आणि बदल्यात आपलं काहीतरी धाडत. वस्तू डोळ्यांनी कुणीच बघत नसे. बघत ते चित्र.

म्हणून त्या भिंतीचा एकच नियम होता. भिंत राखायला एक म्हातारी बसलेली असे. चित्र टांगायच्या आधी ती विचारी, "हीच का?" देणाऱ्यानं चित्रावर हात ठेवून म्हणायचं, "हीच." या एका शब्दावर अख्खं राज्य चाललं होतं.

आता गोंदाजीचं ऐका.

गोंदाजी बाजारगावाजवळच्या वाडीतला खातापिता माणूस. त्याच्याकडे एक धामण होती. त्यानं ती घेतली तेव्हा ती कोवळी होती. हळदीसारखी पिवळी, अंगावर कुठे ओरखडा नाही, शेपूट चाबकासारखं लांब. तिच्याबरोबर तिचं चित्रही आलं होतं. आधीच्या मालकानं ते एका चांगल्या चिताऱ्याकडून काढून घेतलं होतं. गोंदाजीनं ते घडी करून पेटीत ठेवलं.

सात उन्हाळे त्या धामणीनं गोंदाजीचं कोठार राखलं. पाचव्या उन्हाळ्यात कोठारात मुंगूस शिरलं. धामणीनं ते पिटाळलं, पण त्या झटापटीत तिचं हातभर शेपूट तुटलं. एक डोळा पांढरा पडला. मानेखाली सोललेली जागा भरून आली ती राखाडी, खडबडीत, जळलेल्या दोरखंडासारखी. तरी तिच्या कामात खंड पडला नाही. दिवसभराचं काम उरकलं, की ती येऊन गोंदाजीच्या पावलांशी वेटोळं घालून बसे. माणसाच्या पायांची ऊब तिला आवडायची.

पुढे गोंदाजीनं दगडी कोठार बांधलं. चिरे असे घट्ट, की त्यात मुंगीलाही अंग चोरून जावं लागे. उंदीर येईनात. धामणीला काम उरलं नाही. गोंदाजीनं ठरवलं, हिला देऊन टाकावी आणि बदल्यात एखादी दुभती शेळी घ्यावी.

त्यानं चिताऱ्याला बोलावलं. चिताऱ्यानं धामणीकडे बघून दाढी खाजवली. "काढतो की. पण गोंदाजी, ही तुटकी, काणी, डागाळलेली. हिचं चित्र बघून शेळी सोड, शेळीची लेंडीसुद्धा कुणी द्यायचं नाही."

गोंदाजीनं त्याला परत पाठवलं आणि पेटीतलं जुनं चित्र काढलं. झटकलं. उन्हात धरलं. अजून हळद तशीच होती.

धामण सरपटत जवळ आली. चांगला डोळा चित्राकडे वळवून तिनं विचारलं, "ही कोण?"

"तूच की."

"मग हिचं शेपूट इतकं लांब कसं?"

"तुझंही होतं."

धामणीनं आपलं तुटकं शेपूट पुढे घेऊन बघितलं. मग म्हणाली, "जाणार मी आहे ना, मालक? मग हिला कशाला पुढे करता?"

गोंदाजीनं चित्राची घडी काखेत मारली. तो भिंतीकडे गेला. म्हातारीनं विचारलं, "हीच का?"

त्यानं चित्रावर हात ठेवला. "हीच."

आणि बघा, खोटं काहीच बोलला नव्हता. धामण तीच होती.

चित्र फिरत फिरत खारवाडीला गेलं. खारवाडी म्हणजे खाडीकाठचं गाव. तिथली माती इतकी खारट, की चिमूटभर उचलून आमटीत टाकावी. त्या मातीत गोड्या जमिनीचं बी रुजत नसे. फक्त एका तांबड्या भाताचं बी तगे, आणि ते जगात दुसरीकडे कुठेच नव्हतं. गावाचं हे बियाणं सांभाळायचं काम चिमाबाई नावाच्या एका विधवा बाईकडे होतं. तिची म्हातारी धामण त्या वर्षी मेली होती. पेरणीला दोन महिने उरले होते. तिनं चित्र बघितलं, आपली एकुलती दुभती शेळी हरकाऱ्याबरोबर धाडली, आणि धामणीची टोपली मागवून घेतली.

खारवाडीची एक रीत होती. नवी धामण बुजू नये म्हणून ती दाराखालच्या फटीतून आपणहून बाहेर येईपर्यंत तिला कुणी बघायचं नाही. टोपली बियाण्याच्या खोलीत नेऊन, तोंड फिरवून, झाकण काढायचं आणि दार ओढून घ्यायचं. तिचं चित्र मात्र दारावर लावायचं. येताजाता साऱ्या गावानं ते बघायचं, डोक्यात ठेवायचं. म्हणजे आपली धामण कोणती हे सगळ्यांना कळतं आणि तिच्यावर कुणी चुकून काठी उगारत नाही. चिमाबाईनं सगळं रीतीप्रमाणे केलं.

बारा दिवसांनी ती स्वतः गोंदाजीच्या दारात उभी राहिली. सुक्या मासळीचा वानवळा घेऊन आली होती.

"दादा, धामण देखणी दिलीत हो," ती ओसरीवर टेकत म्हणाली. "गाव नुसतं चित्र बघायला येतंय. पण ती काही अजून दर्शन देत नाही. एवढी कसली लाज म्हणते मी. नवी नवरीसुद्धा आठव्या दिवशी चुलीपाशी येते."

गोंदाजी हसला. "येईल. शेळी छान आहे तुमची."

"शेळीला तोड नाही. बरं, तिला आवडतं काय ते विचारायला आले. माझ्या हातून एक आगळीक झाली, त्यानं बुजली असेल बिचारी."

"कसली आगळीक?"

"तिसऱ्या दिवशीची गोष्ट. मी उखळात भात सडत होते, तर एक कुठलं तरी जनावर आलं. मेलं बोडकं. शेपूट तुटलेलं, एका डोळ्यात फूल, मानेला रोग झाल्यासारखं. आणि धीट किती म्हणाल. पळायचं सोडून सरळ माझ्या पायांकडे आलं. वेटोळंच घालायला लागलं पायाशी. हातात मुसळ होतं, तेच घातलं. पहिल्या घावाला हाललंसुद्धा नाही हो. वर बघत राहिलं." चिमाबाईनं पदरानं कपाळ पुसलं. "आमची धामण आत बसून तो आवाज ऐकत असेल. घाबरली असेल, नाही का?"

ओसरीवर शेळी रवंथ करत होती. ते जनावर कोणतं, हे गोंदाजीला कळून चुकलं. शेळी परत द्यावी लागेल, हे त्याच्या मनात आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की या बाईच्या तोंडावर हे कसं सांगायचं.

"लाजाळू आहे ती," तो म्हणाला. "धीर धरा. खोली उघडू नका. दुसरी धामण आणू नका, दोघी भांडतील."

एक खोटं झाकायला त्यानं तीन पांघरुणं घातली. चिमाबाईनं ती सगळी गाठीला बांधली आणि समाधानानं घरी गेली.

त्या दिवसापासून गोंदाजीला अन्न गोड लागेना. खाली बसला, की पाय उचलून घेई. पायाशी काहीतरी येऊन थांबल्यासारखं वाटे. तो स्वतःला सांगे, मी हीच म्हणालो, हीच तर होती. मुसळ मी मारलं का? पंधरा दिवस तो हे सांगत राहिला. सोळाव्या दिवशी कुणाला तरी ते पटावं म्हणून भिंत राखणाऱ्या म्हातारीकडे गेला आणि तिला सगळं सांगितलं.

"मी खोटं बोललो का, आजी?"

म्हातारी सुपारी कातरत होती. "नाही बाबा. शब्द खरा होता."

गोंदाजीला हलकं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "पण मी 'हीच का' विचारते ते चित्राकडे बघून नव्हे. घेणारा टोपलीचं झाकण उघडेल, त्याच्या वतीनं विचारते. त्याच्या डोळ्यांना आज जी दिसेल, ती हीच का? तुला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच चिताऱ्याला परत पाठवलंस."

गोंदाजी तिथूनच खारवाडीच्या वाटेला लागला. दोन दिवस चालला.

चिमाबाई बियाण्याच्या खोलीबाहेर गवत निवडत बसली होती. त्याला बघून उठली. "या दादा. तुमचं ऐकलं बघा. दार अजून उघडलेलं नाही."

दारावर ते हळदी रंगाचं चित्र होतं. गोंदाजी त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही मुसळानं मारलीत ती माझी धामण. म्हणजे तुमचीच. हे चित्र सात वर्षांमागचं आहे. ते शेपूट माझं कोठार राखताना तुटलं. ती तुमच्या अंगावर आली नव्हती. तिला पायाशी बसायची सवय होती."

चिमाबाई दाराकडे वळली. तिनं कडी काढली आणि दार ढकललं.

आतून उंदीर पाण्याच्या लोंढ्यासारखे बाहेर आले. बियाण्याच्या कणग्या उभ्या होत्या, पण हात लावताच एकेक कणगी फसकन बसली. आत नुसतं फोलपट. कोपऱ्यातल्या एका कणगीच्या तळाशी ओंजळी-दोन ओंजळी तांबडं बी शिल्लक होतं. चिमाबाईनं ते पदरात घेतलं.

"मी माझं बी देतो," गोंदाजी म्हणाला. "हवं तेवढं. गाड्या भरून देतो. घरी पोचताच शेळी धाडतो."

"तुमचं बी गोड्या मातीतलं, दादा. इथे कुजेल." मग तिनं त्याच्याकडे बघितलं. "एक सांगा. मी मासळी घेऊन आले होते, त्या दिवशी तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"तुम्ही बोलत असतानाच कळलं."

"त्या दिवशी चार कणग्या भरलेल्या असतील," ती शांतपणे म्हणाली. "तुटक्या शेपटाची आहे म्हणून सांगितलं असतंत, तरी मी घेतली असती. उंदीर शेपटानं धरायचे नसतात." तिनं पदराची गाठ मारली. "आणि मुसळ खाली ठेवलं असतं."

त्या पावसाळ्यात खारवाडीत एकाच खाचराचा कोपरा तांबडा झाला. बाकीची शेतं पांढरी राहिली, मिठाचा पापुद्रा धरून. तेवढ्याशा बियाचं पुन्हा गावभर बियाणं व्हायला पाच वर्षं गेली, आणि ती पाच वर्षं खारवाडीची माणसं परक्या गावांत मजुरीला गेली. शेळी परत आली होती. गोंदाजी दरवर्षी गाडीभर धान्य खारवाडीला नेऊन टाकी. लोक ते उतरवून घेत, त्याला पाणी देत, पण घरात बसा असं कुणी म्हणत नसे. त्याच्या स्वतःच्या दगडी कोठारात एकही उंदीर नव्हता. तिथे आता पायाशी येऊन बसायलाही कुणी नव्हतं.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, दुसऱ्याच्या हाती जे सोपवायचं, त्याचं कालचं देखणं रूप नव्हे, आजचं खरं रूप दाखवावं.