बांधापलीकडची कोंसू

पोरांनो, आणि पोरांच्या मागे कान देऊन बसलेल्या थोरांनो, ही गोष्ट फार फार जुनी. तेव्हा खाडीच्या काठी एक ख्रिस्ती गाव होतं. गाव भरतीच्या पाण्यापेक्षा सखल. मधे मातीचा बांध होता, म्हणून ते उभं होतं. गावात पवित्र शास्त्राची प्रत एकच, आणि ती वाचता येणारा माणूसही एकच. त्याला सगळे वाचक म्हणत.

गावाची एक रीत होती. बांध फुटला की फुटल्या जागी सगळ्यांनी जमायचं. वाचकाने शास्त्रातलं देवाच्या कोपाचं पान काढून मोठ्याने वाचायचं. मग ज्याच्या शेताशी भगदाड पडलं, तो पापी. त्याचं बिऱ्हाड बांधापलीकडे, खाडीच्या अंगाला. भगदाडावर चार पाट्या चिखल टाकला की गाव हात धुऊन घरी. बांध का फुटला, हे कुणी विचारायचंच नाही. देवाने फोडला, आणखी काय!

एका वर्षी कोंसूच्या शेताशी बांध फुटला. भगदाड बुजवायला गेलेला तिचा नवरा पाण्याबरोबर वाहून गेला. तिसऱ्या दिवशी गावाने तिलाच पापी ठरवलं.

"अहो, खेकड्यांनी बांध पोखरलाय," कोंसू हात जोडून म्हणाली. "माझा माणूस वर्षभर हेच सांगत होता. आणखी कितीतरी बिळं आहेत."

"देवाच्या न्यायाला खेकड्याचं नाव देतेस?" वाचक गरजला.

खरं सांगू? त्याच शास्त्रात एक दुसरंही पान होतं. बुरूज कोसळून काही माणसं मेली, ती इतरांहून जास्त पापी होती असं समजू नका, आधी स्वतःकडे बघा, असं खुद्द प्रभूनेच त्यात बजावलं होतं. वाचकाला ते पान पाठ होतं. पण ते वाचलं, तर मग बाहेर कुणाला काढायचं, असं लोकांनी विचारलं असतं. म्हणून त्याने ते कधी उघडलं नाही.

कोंसू सहा वर्षांच्या रोझीला घेऊन पलीकडच्या टेकाडावर झोपडीत राहिली. तिथे गोडं पाणी नव्हतं. पोर तापाने फणफणली. गावात पाय ठेवायची बंदी, म्हणून कोंसू बांधावर चढली आणि विहिरीवरच्या थोरल्या जावेला हाका मारू लागली.

"जाऊबाई, रोझीसाठी तांब्याभर पाणी द्या हो!"

जाऊ रडली. रडली, पण तांब्या उचलला नाही. "देवानेच जिला तहान दिली, तिला मी पाणी कसं देऊ गं?"

चौथ्या दिवशी रोझी गेली. हे सांगताना मला आजही संताप येतो. तांब्याभर पाण्याने देवाचं काय बिघडणार होतं?

लेकीला पुरून कोंसू परतली, तेव्हा बांधातून सात ठिकाणी पाणी झिरपताना तिला दिसलं. ती घसा फुटेस्तोवर ओरडली. शिव्याशाप देतेय, असं समजून लोकांनी दारं लावून घेतली.

अमावास्येला भरदुपारी भरती चढली आणि बांध फुटला. देवळाच्या माळ्यावर जे चढले, तेवढेच वाचले. जावेची दोन्ही मुलं बुडाली.

ओहोटी लागल्यावर जाऊ चिखल तुडवत कोंसूकडे आली. मागे वाचक, त्याच्या मागे उरलंसुरलं गाव.

"आमच्या पापाची शिक्षा मिळाली गं," जाऊ हंबरडा फोडून म्हणाली. "देवाने तुझ्यासाठी सूड घेतला."

वाचकाने मान डोलावली आणि कोपाचं पान काढलं.

"मिटा ते!" कोंसू ओरडली. "जाऊबाई, तुमची लेकरं माझ्या मांडीवर जेवली आहेत. त्यांना बुडवून माझ्यासाठी सूड घेणारा देव मला ठाऊक नाही. ती पापाने मेली म्हणता? मग माझी रोझीही पापानेच मेली म्हणा. म्हणा ना!"

मग तिने फुटक्या बांधाकडे बोट दाखवलं.

"बांध बिळांनी फुटला. रोझी तहानेने मेली. दोन्ही तुमच्या हातातलं होतं."

तेव्हा कुठे वाचकाने ते दुसरं पान काढलं. ते त्याने मोठ्याने वाचलं.

"हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?" जावेने विचारलं.

"होतं," तो म्हणाला.

त्यानंतर त्याच्या हाती कुणी शास्त्र दिलं नाही. पण त्यामुळे गेलेल्यांपैकी कुणी परत आलं नाही.

बोध एवढाच: दुसऱ्याच्या दुःखात जो देवाची शिक्षा शोधतो, तो शिक्षा स्वतःच देत असतो आणि नाव तेवढं देवाचं घेतो.