गरगरी आणि भिरभिरी

दिव्यांना बटणं नुकतीच लागली होती, तेव्हाची गोष्ट. एका स्फटिकात गरगरी आणि भिरभिरी या दोन इलेक्ट्रॉन मैत्रिणी राहत. गरगरी उजवीकडे गिरक्या घेई, भिरभिरी डावीकडे. पण त्या ऐसपैस घरात त्याने कुणालाच काही फरक पडत नव्हता.

एकदा दोघी अगदी पातळ थरात शिरल्या. तिथे एका बाजूने सतत ओढ होती आणि ती उजव्या गिरकीला साथ देत होती. गरगरी सुसाट निघाली, भिरभिरीची मात्र दमछाक झाली.

“तुझी गिरकीच उलटी! माझ्यासारखी फिर, नाहीतर बस इथेच,” गरगरी म्हणाली.

भिरभिरीला रडू आलं, पण तिने गिरकी बदलली नाही.

परतताना दिशा बदलली, तशी तीच ओढ डाव्या गिरकीला साथ देऊ लागली; भिरभिरी वाऱ्यासारखी सुटली आणि गरगरीचे पाय जड झाले.

“आता मी उलटी फिरू का गं?” तिने रडवेल्या सुरात विचारलं.

“छे! हात दे,” भिरभिरी हसली. “वाट उलटी झालीये, तू नाही.”