खुंटीवरचे पंख

खूप वर्षांपूर्वी छत्रीधारी सैनिकांच्या एका बराकीत एक बूट राहायचा. समोर खुंटीवर परेडचा गणवेश टांगलेला असे आणि त्याच्या छातीवर पंखांचा बिल्ला चमकत असे. तो पाहिला की बुटाचा जळफळाट व्हायचा. “विमानातून उड्या मारायच्या मी, काट्याकुट्यांत आपटायचं मी, आणि कौतुक मात्र ह्याचं!”

एकदा उडीहून बूट चिखलानं माखून परतला. बिल्ला दिसताच त्याचं डोकंच फिरलं. “काय पंखवाले, मजा आहे बुवा तुमची!”

बिल्ला हळूच म्हणाला, “दादा, उडीच्या दिवशी हा गणवेश इथंच राहतो. वरून जमीन कशी दिसते रे? मी कधी पाहिलीच नाही.”

बूट चिखल झटकून बिल्ल्याकडे वळला. मग म्हणाला, “ऐक. आधी विमानाचं दार उघडतं…”