चाफ्याचा तांबेरा

एका राज्यात राजकन्या हेमवतीचे शब्द एका झाडाला बांधलेले होते. तिच्या जन्मदिवशी एका मांत्रिकाने राजबागेत चाफ्याचे रोप लावून तशी गाठ मारली. पान फुटले की तिला शब्द येई, पान गळले की शब्द जाई.

सहाव्या वर्षी पानांच्या पाठीवर शेंदरी भुकटी उठली. पाने गळू लागली. हेमवती आधी मोराचे नाव विसरली, मग आईचे.

"हे मांत्रिकाचेच काम," राजमाळी गोंदाजी म्हणाला. तीस वर्षांत त्याचे एकही झाड दगावले नव्हते. राजाने मांत्रिकाला बेड्या घातल्या. भुकटी हटली नाही.

तेव्हा कुंपणावरची साळुंकी बोलली, "म्हाताऱ्या, तीन कामे कर. आधी गळलेले पान न् पान जाळ."

गोंदाजीने जाळले.

"आता रोगट फांद्या छाट. दर कापाला कोयता विस्तवात धर."

फांद्यांतून दूध ओघळले. महालात हेमवतीपाशी एकच शब्द उरला, "बाबा". ते कानावर आले तरी गोंदाजीने काम अर्धे सोडले नाही.

"तिसरे?"

"रोज सांजेला एक हात या झाडाचा घात करतो. तो पकड."

गोंदाजी काठी घेऊन तीन सांजा बसला.

"कोणी आले नाही," तो म्हणाला. "मी झाडाला न्हाऊ घातले, तेवढेच."

"कुठून?"

"शेंड्यावरून. माझा बापही असेच घाली."

"म्हणजे पाने रात्रभर ओली. या शेंदरी तांबेऱ्याला आणखी काय हवे? उगार आता काठी."

गोंदाजीने काठी खाली ठेवली. सकाळी तो दरबारात उभा राहिला.

"महाराज, मांत्रिकाला सोडा. झाड माझ्या हाताने, माझ्या सांजेच्या पाण्याने आजारी पडले."

राजा म्हणाला, "गुपचूप पाण्याची रीत बदलली असतीस तर कोणाला कळले नसते."

"नसते. पण हा माणूस आतच राहिला असता."

मांत्रिक मनगटे चोळत आला. "माळीबुवा, बेड्या फार जड होत्या हो."

गोंदाजीने हात जोडले. आजवर राजाखेरीज कोणापुढे ते जुळले नव्हते.

"गाठ मारली ही माझीही चूकच," मांत्रिक म्हणाला. "एक निरोगी पान येऊ दे, सोडतो. आजारी झाडावर सोडली तर तिचे शब्द झाडातच अडकतील."

गोंदाजी आता सकाळी पाणी घाली, तेही बुंध्याशी. महिन्याने एक पान उलगडले. त्याने ते उलटून पाहिले. पाठ स्वच्छ होती. मांत्रिकाने गाठ सोडली.

"पाणी," झाडापाशी आणलेली हेमवती म्हणाली.

गोंदाजीने आधी तिला पाजले. उरलेले बुंध्याशी ओतले. पुढे पाने गळत, फुटत राहिली. तिचे गेलेले शब्द मात्र एकेक करून परतले आणि तिच्यापाशीच राहिले.